गाण्यातली हाक

एक तुकडा वाजवून झाला, दुसराही झाला, पण नागेशचा आवाज काही आला नाही. रेणुका शेवटच्या रांगेत, दाराशी, पदर तोंडाला लावून बसली होती. शेजारी तिचा सासरा लिंबाजी, कानामागे हात धरून.

परभणीच्या त्या सभागृहात स्टेजवर तिघं होते. एक जण परातीवर साखळी ओढत होता, एक पेटीचा नुसता भाता हलवत होता. तिसरा, योगीराज, गावोगावी टिपलेले आवाज त्यात मिसळत होता. चाल नाही, ठेका नाही, सुचेल तसं. माणसं एकेक करून उठून चालली होती.

नागेश दिसला त्याला वर्षं लोटली होती. तेव्हापासून सासऱ्या-सुनेनं पोरीला घेऊन दोन गावं बदलली. आता दोघं सेलूत कापसाच्या जिनिंगवर कामाला होते. तिथल्या कमलबाईनं मोबाइलवर या मंडळींचं वाजवणं लावलं, आणि त्यातलं एक हसणं ऐकून रेणुकाच्या हातातला घास गळाला. आवाज त्याचाच की भास, हे ठरेना. रात्र रात्र डोळा लागेना. शेवटी पोरीला, वैष्णवीला, कमलबाईकडे ठेवून दोघं आले.

मध्यंतरात लिंबाजीनं योगीराजला गाठलं. तुमच्या वाजवण्यात ज्यो हसतो, माझा पोरगा हाय त्यो, एवढंच सांगितलं. काय वाजेल ते आम्हालाही आधी माहीत नसतं, योगीराज म्हणाला, पण तो आवाज आज घेतोच.

आणि तो आला. आधी हसणं, मग मोकळी, खणखणीत हाक.

"सेलू, सेलू, सेलू! एकच शीट!"

योगीराजनं ती ताणली, उलटी केली, परातीच्या घरघरीत पुन्हा पुन्हा आणली. रेणुकाला श्वास पुरेना. लिंबाजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

कार्यक्रम संपताच योगीराज धावत खाली आला.

"तोच का, काका?"

"त्योच."

गेल्याच महिन्यात इथल्या बसस्टँडबाहेर टिपल्याचं त्यानं सांगितलं. जीप चालवतो, आता रोज सेलूलाच जातो. उद्याच भेट होईल तुमची. रेणुकाला हुंदका आवरेना.

बाहेर आल्यावर तिनं सासऱ्याचा हात घट्ट धरला. "मामा, आता?"

"रडू नको, माय. लेकराला उचलू अन् आजच सेलू सोडू. या खेपेला घावलीस, तर त्यो तुला जित्ती ठिवायचा न्हाई."