न अडणारी बंदूक

"ही घेऊ नका," किकुची-सान म्हणाल्या. "प्रत्येक गोळीनंतर हाताने ओढावी लागते. दमाल."

"मला हीच बघायचीय," जुई म्हणाली.

फुकुशिमातल्या त्या गावात बंदुकांचं एवढं एकच दुकान उरलं होतं. नवरा गेल्यापासून सत्तरी ओलांडलेल्या किकुची-सान ते एकट्याने चालवत. खऱ्या बंदुका काचेमागे कुलपात होत्या. परवाना हातात येईपर्यंत गिऱ्हाइकाला त्यांना हात लावता येत नव्हता. किकुची-सानांनी कपाटातून सरावाची बंदूक काढली. वजन, बांधणी सगळं त्या हाताने ओढायच्या पंपवाल्या बंदुकीसारखंच, फक्त ती उडत नसे. तिच्यात त्यांनी खोटी काडतुसं भरली.

जगदीश मुलीच्या मागे उभा होता. तो सकाळीच टोकियोजवळच्या ग्योतोकुहून, घरून निघाला होता. "तिला घेऊनच या," बायकोने, वृंदाने, दारातच बजावलं होतं.

"जुई, चल घरी," तो हळूच मराठीत म्हणाला. "अजून काही बिघडलेलं नाही."

जुईने जपानीत उत्तर दिलं. लहानपणापासून तिची ही सवय होती. पण आज किकुची-सानांनाही कळावं म्हणून ती मुद्दाम जपानीत बोलत होती. "परीक्षा झालीय. डॉक्टरांचा दाखला झालाय. आता फक्त बंदूक निवडायची राहिलीय."

ती इथल्या नगरपालिकेत नोकरीला होती. रानडुकरांचा बंदोबस्त हे तिचं खातं. भूकंपानंतर अणुभट्टीमुळे गाव रिकामं झालं, तेव्हा डुकरं घरांत शिरली, अंगणांत व्याली. काही वर्षांनी गाव पुन्हा उघडलं. म्हातारी माणसं परतली. डुकरं मात्र गेली नाहीत. किरणोत्सारामुळे मांस खाता येत नाही म्हटल्यावर शिकाऱ्यांनीही एकेक करून बंदुका ठेवून दिल्या. उरलेल्यांना डोंगर चढवत नव्हता. गेल्या शरदात कान्नो-सान नावाच्या आजीबाईंना त्यांच्याच मुळ्याच्या वाफ्यात डुकराने फाडलं. त्या वाचल्या, पण मुलाने त्यांना सेंदाई शहरात नेलं. त्यांच्या मागोमाग शेजारच्या दोन घरांना कुलपं लागली. त्याच आठवड्यात जुईने परवान्याच्या परीक्षेला नाव घातलं.

"घ्यायचीच असेल तर ती घे ना," आता जगदीशही जपानीत म्हणाला आणि त्याने काचेकडे बोट केलं. "आपोआप भरणारी. चापच तर ओढायचा."

"ती चांगली आहे," किकुची-सान म्हणाल्या. "पण बर्फ, चिखल गेला, काडतूस जरा कमजोर निघालं, तर अडू शकते. आणि डुक्कर समोरून येतं."

जुईने सरावाची बंदूक खांद्याला लावली. पुढची मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. काडतूस तिथेच तिरकं अडकलं.

"बघ," जगदीश पटकन म्हणाला. "हीसुद्धा अडली."

"बंदूक नाही अडली," किकुची-सान म्हणाल्या. "हात अडला. माणूस घाबरला की अर्धवट ओढतो."

जुईने काडतूस काढलं. पुन्हा ओढली. पुन्हा अडकलं. तिचे कान लाल झाले. जगदीशने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, बाळा. हे काम इथल्या लोकांचं आहे. आपण कशाला?"

जुईने बंदूक खाली केली नाही. या वेळी ती मराठीत बोलली.

"बाबा, भूकंपानंतर तुम्ही आपल्याला पुण्याला नेलंत. मी सहावीत होते, तुमचं बोट धरून गेले. तुमचं काही चुकलं नाही. पण जपानला परत आले तेव्हा वर्गात कुणी मला काही विचारलंसुद्धा नाही. पाहुण्याला नाही ना विचारत, का गेलात म्हणून." तिने श्वास घेतला. "आता मी जाणार नाही. डुकरांना जाऊ दे."

तिने मूठ पार शेवटपर्यंत ओढली आणि तितक्याच जोराने पुढे ढकलली. रिकाम्या दुकानात तो आवाज खणखणीत घुमला. काडतूस उडून जगदीशच्या बुटाशी पडलं. तिने पुन्हा ओढली. दुसरंही पडलं. एकदाही अडलं नाही.

किकुची-सानांना मराठी कळत नव्हती. तरी त्यांनी काचेचं कुलूप काढून पंपवाली बंदूक बाहेर घेतली आणि तिचा नंबर कागदावर उतरवला. मग त्या जगदीशकडे वळल्या.

"पोलीस घरच्यांनाही विचारतात. घरातून नकार आला, तर परवाना मिळणं अवघड असतं. तुम्ही काय सांगणार?"

जगदीश मुलीकडे बघेना. जुईने सरावाची बंदूक काउंटरवर ठेवली.

"काय सांगायचं ते सांगा, बाबा," ती म्हणाली. "नाही मिळाला तर मी पुन्हा अर्ज करीन. मग पुन्हा करीन."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वृंदा होती. तिचा आवाज दुकानभर ऐकू येत होता. "जुई भेटली का? निघालात का दोघं?"

"नाही," जगदीश म्हणाला. "ती येत नाहीये."

"म्हणजे? तुम्ही तिला समजावलं नाहीत?"

जगदीशने वाकून पायाशी पडलेली काडतुसं उचलली आणि एकेक करून काउंटरवर नीट उभी केली. काउंटरवरच्या पंपवाल्या बंदुकीकडे त्याने क्षणभर पाहिलं.

"वृंदा, ऐक. पोलिसांचा फोन येईल," तो म्हणाला. "त्यांना सांग, बंदूक मीच पसंत केलीय."