पहिल्यासारखी

"अहो, आज कारखाना लवकर सुटला वाटतं?" इंदुमतीबाईंनी पलंगावरून विचारलं.

चिंतामणराव दचकले. पोलोग्राउंडच्या त्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती.

"हो, सुटला," ते म्हणाले.

"बाबा, दोन दिवस असंच चाललंय," मुलगी संहिता दारातून हळूच म्हणाली. "सारखं तुमचंच नाव. विसरण्याचा आजार तर नाही ना?"

त्यांनी रिक्षा बोलावली आणि तिघं बडा गणपतीजवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर मधुरिमांनी विचारलं, "लघवीला जळजळ होते? वारंवार जातात?"

चिंतामणरावांनी संहिताकडे पाहिलं.

"चार दिवस झाले, सारखी उठते," संहिता म्हणाली. "अंगही गरम लागतंय. आणि पाणी तर बिलकुल पीत नाही."

डॉक्टरांनी एक डबी दिली. "पहिली धार सोडून मधली यात घ्या. या वयात लघवीच्या संसर्गाने कधीकधी माणूस असा एकाएकी गोंधळतो. रक्तही तपासू. आधीच मोठ्या आजाराचं नाव नको घ्यायला."

लघवीत पू निघाला. कल्चरचा रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता, पण गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. पुढे रिपोर्टनेही संसर्गच सांगितला.

"कोर्स पूरा करा," डॉक्टर म्हणाल्या. "मग पहिल्यासारख्या होतील."

गोळ्या चिंतामणराव स्वतः द्यायचे. तासातासाला पाणी पाजायचे. चहाही तेच करायचे, साखरेसाठी तीन-चार डबे उघडून बघत.

इंदुमतीबाई मात्र खुशीत होत्या. "कृष्णपुऱ्याच्या दगडी छत्र्यांपाशी सायकलची चेन उतरली होती, आठवतं? तुमचे हात काळे झाले. मी पदराने पुसले, तर माझ्यावरच चिडलात."

"नवी साडी होती ना तुझी."

"मग? पुसू नको म्हणायची ही रीत झाली?"

"चुकलंच माझं, इंदू."

"मान लिया ना? झालं तर." त्या खळखळून हसल्या. चिंतामणरावही हसले, मग उठून खिडकीशी गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

चौथ्या दिवशी इंदुमतीबाईंनी आजचा वार बरोबर सांगितला. ताप उतरला होता. संहिताने आनंदाने डॉक्टरांना फोन लावला. चिंतामणराव दुपारची गोळी तळहातावर घेऊन पलंगापाशी थांबले होते.

"बाबा, वेळ झाली," संहिता म्हणाली.

"हो गं. देतोय." त्यांनी गोळी दिली, वर ग्लासभर पाणी पाजलं.

सहाव्या दिवशी सकाळी इंदुमतीबाई आपण होऊन उठून बसल्या. केस सारखे केले, चष्मा लावला. चिंतामणराव चहाचा कप घेऊन आत आले. त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग पदर नीट घेऊन त्यांनी मुलीला हाक मारली.

"संहिता, घटस्फोटानंतर बावीस वर्षांनी हे पहिल्यांदा आपल्या घरी आलेत, आणि तू यांना उभं ठेवलंस? खुर्ची दे."