काळी रेघ

कुपी हातातून निसटली तेव्हा तिचं झाकण उघडं होतं.

करंगळीच्या पेराएवढी प्लास्टिकची कुपी ती. थिदा खाली वाकेपर्यंत आतलं सगळं फरशीवर सांडलं होतं, आणि फरशी नुकतीच फिनेलने पुसलेली. बँकॉकपासून दूर, खोन केन शहरातल्या त्या प्रयोगशाळेत ही अँटिबॉडी आता एवढीच उरली होती. सशाच्या रक्तातून काढलेली, बर्फात घालून परदेशातून आणलेली. पेशीत आरएनएची काटछाट करणारं एक प्रोटीन असतं. ही अँटिबॉडी नेमकी त्यालाच जाऊन चिकटायची आणि पांढऱ्या पट्टीवर त्या जागी काळी रेघ उमटायची. अँटिबॉडी नसेल तर पट्टी कोरी.

थिदाने आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. तिने कुपीत साधं मिठाचं पाणी भरलं. दिसायला अगदी तसंच. झाकण घट्ट लावून कुपी फ्रीजमध्ये जागच्या जागी ठेवून दिली. उद्या सांगून टाकू, असं तिने स्वतःला समजावलं. पण उद्यावर ढकललेली गोष्ट आपण कशी सांगतो, हे तिला स्वतःबद्दल चांगलं ठाऊक होतं.

तशी तिची मान आधीपासूनच खाली होती. वर्षभर तिने याच अँटिबॉडीने प्रयोग केले आणि दर वेळी पट्टी कोरी निघाली. तिथेच काम करणाऱ्या जारुवानची मात्र एकही पट्टी फसली नव्हती. जारुवान वयाने मोठी, म्हणून सगळे तिला पी जारु म्हणत, आपण जारुताई म्हणू तसं. कॅन्सरच्या गाठीत रेघ जाड आणि निरोगी तुकड्यात बारीक, हे तिनेच पहिल्यांदा दाखवलं. त्यावर प्रयोगशाळेचं नाव झालं. तिथले प्रमुख आचान विरोत, म्हणजे विरोतसर, सगळ्यांदेखत म्हणायचे, "जारुच्या हाताला गुण आहे. थिदाच्या हाताला नुसता घाम." सगळे हसायचे. थिदाही हसायची, आणि मग तिला जेवण जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पी जारु भाजलेली कोंबडी आणि चिकट भाताची पुडी घेऊन आली.

"हे घे. आणि तोंड असं का केलंयस? परत कोरी?"

"नाही. पी जारु, मला तुला एक सांगायचंय."

"जेवून सांग. आज मी लुंग बुनमांच्या गाठीचा तुकडा पट्टीवर लावतेय. शेवटचा आहे, त्यानंतर काही शिल्लक नाही."

 लुंग बुनमा, बुनमाकाका, 'ची' नावाच्या नदीवर मासे धरणारे. जन्मभर कच्चा मासा खाल्ला, त्यातल्या किड्यांनी पित्तनळीत घर केलं आणि त्यातून कॅन्सर झाला. ऑपरेशनच्या आधी थिदाच त्यांच्या खाटेशी बसली होती. "काढाल ते वापरा, पोरी," ते म्हणाले होते. "फक्त टाकू नका. आम्ही मासासुद्धा टाकत नाही, डोकंही चोखून खातो." पावसाळ्यात ते गेले. त्यांच्या देहातलं आता एवढंच या जगात होतं, बर्फात गोठवलेलं.

"मी मदतीला थांबू?" थिदाने विचारलं. थांबलो तर बोलू तरी, असं तिला वाटलं.

"नको ग. मागे कोणी उभं राहिलं की माझं काम बिघडतं, माहितेय ना तुला? जा, भात गार होतोय."

पी जारुने नेहमीसारखं दार लावून घेतलं. थिदा बाहेर बाकावर बसली. पुडी सोडलीच नाही. दारावर टकटक करायची आणि थांब म्हणायचं, एवढंच होतं. तेवढंही तिच्याने झालं नाही. आपल्या लाजेपायी एका मेलेल्या माणसाचं शेवटचं देणं आत मिठाच्या पाण्यात बुडतंय, हे तिला दिसत होतं, आणि ती बसून राहिली. इतकी शरम तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सकाळी मात्र ती मनाचा हिय्या करून उठली. पट्टी कोरी निघणार आणि बोल पी जारुला लागणार. वर्षभर जिने आपल्याला धीर दिला, तिला तरी आपल्या पापाचं ओझं नको. काम सुटलं तर सुटलं.

आचानच्या खोलीत पी जारु आधीच बसली होती. थिदाने हात जोडले, आणि ते जोडलेलेच राहिले.

"आचान, माझ्या हातून चूक झालीय. पी जारुचा काही दोष नाही. ती कुपी..."

"चुकांचं नंतर बघू," आचान म्हणाले. ते भलतेच खुशीत होते. "तुझ्या चुका काय, रोजच्याच. आधी इकडे ये. हे घेऊन मी बँकॉकला चाललोय. गावोगाव कॅन्सरची तपासणी सुरू करायला आता कोणी नाही म्हणणार नाही."

त्यांनी संगणक तिच्याकडे वळवला. लुंग बुनमांच्या गाठीखाली रेघ होती, जाड, काळीभोर. शेजारी निरोगी तुकड्याची, बारीक.

"इतकी स्वच्छ आजवर कधीच आली नव्हती," पी जारु म्हणाली आणि तिने थिदाच्या पाठीवरून हात फिरवला. "कुपी तू इतकी जपलीस म्हणून."