धाकटे जावई

सासूबाईंनी बाल्कनीतल्या किडेखाऊ घटपर्णीचं नाव ‘धाकटे जावई’ ठेवलं होतं. “बसल्या जागी तोंड उघडं ठेवायचं आणि आयतं आलेलं गिळायचं,” त्या पलंगावरून म्हणायच्या, आणि मी, थोरला जावई, निमूट ऐकून घ्यायचो. धाकट्याचे नखरे मात्र थोरल्याहून जास्त. नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याची मुळं जळतात, म्हणून त्याला फक्त एसीचं पाणी चालायचं. सासूबाईंच्या आजारपणात त्यांच्या खोलीतला एसी दिवसभर सुरू असे, आणि बाल्कनीत त्याच्या पाइपखाली लावलेली बादली संध्याकाळपर्यंत भरे. सासूबाई गेल्या त्या दिवशी बायकोनं एसी बंद केला. ती रडली नाही. उरलेली औषधं परत केली, भाड्यानं आणलेला ऑक्सिजन सिलिंडर पोचवला, सोमवारी कामावर गेली. आज, पंधरा दिवसांनी, पाहिलं तर बादली कोरडी ठणठणीत आणि घटपर्णीचे इवले घट कडेनं काळे पडलेले. “नळाचंच घालू का थोडं?” मी विचारलं. ती आईच्या खोलीत गेली, खिडक्या लावल्या, रिमोट उचलला. मी बाल्कनीत पाइपकडे बघत उभा राहिलो. बऱ्याच वेळानं पहिला थेंब बादलीत टपकला. “अठरावर ठेव,” मी दारात येऊन म्हणालो, “पाणी भराभर साठेल.” “नको,” रिकाम्या पलंगावरची चादर सारखी करत ती म्हणाली, “सव्वीसच बरं. आईला गारठा सोसत नाही.”