खऱ्या मशीनवर

तुळशीदास भंगारवाल्याला घेऊनच घरात शिरले. नोकरी सोडून स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत बसलेल्या मुलीशी, कल्पिताशी, त्यांनी अबोला धरला होता. "सांग तिला, जुना कम्प्युटर भंगारात चाललाय," बायकोवर गरजले. "नकली मशीनवर नाचते तिची विद्या, खऱ्यावर मान टाकते!" खरंच होतं. लॅपटॉपमधल्या एम्युलेटरवर, म्हणजे त्या नकली मशीनवर, तिचा कर्नल, सिस्टीमचा गाभा, धावायचा, जुन्या कम्प्युटरवर कोसळायचा. टोमणा झोंबला आणि फरक उमगला: एम्युलेटर मेमरी कोरी देतो, खऱ्या यंत्रात आधीचा कचरा उरतो. तिने एम्युलेटरमध्ये मुद्दाम कचरा भरला. कर्नल तिथेही कोसळला. चूक सापडली: मेमरी कोरीच असेल असं तिने धरलं होतं! "भाऊ, वायर काढू नका!" ती भंगारवाल्यावर ओरडली. कर्नल दुरुस्त करून तिने पेनड्राइव्ह कम्प्युटरला लावला. काळ्या पडद्यावर उमटलं: रामकृष्णहरी. कीर्तनात मुरलेल्या तुळशीदासांचे हात आपोआप जुळले. "रामकृष्णहरी!" मग भंगारवाल्याला पिटाळून ते लेकीवर खेकसले, "हात जोडले ते त्या कम्प्युटरला, तुला नाही!"