बारा दिवसांची सावड

आई तापाने आडवी झाली आणि भाताच्या आवणीला, रोपं लावायला, एक माणूस कमी पडला, म्हणून वैशाखरे गावचा धाकलू बी.ए.चा अभ्यास सोडून घरच्या चिखलात उतरला. तर्कशास्त्राच्या प्रोफेसर घाट्यांचं पत्र आलं, तेव्हा त्याचा बाप नामा मुंबईला कॉलेजात जाऊन उभा राहिला.

"हजेरी भरली नाही तर टर्म जाते. टर्म गेली की परीक्षेला बसता येत नाही," घाटे म्हणाले. तर्कशास्त्र शिकवण्यापेक्षा हे नियम समजावूनच ते थकले होते. "आणखी बारा दिवस चुकले, तर मुलाचं वर्ष गेलं."

"आनी बारा दिवस आवणी चुकली, तर आमचं भात गेलं. मास्तर, आमच्यात सावड असते. तुमचा गडी माझ्या शेतात, माझा तुमच्या. त्याच्या जागी वर्गात मी बसू का?"

"नाही. ज्याची हजेरी त्यानेच भरायची."

"बरं. मंग पोराला धाडतो. शेतात त्याच्या जागी माणूस तुमी द्या."

घाट्यांनी या बोलण्यात बराच वेळ चूक शोधली. ती सापडेना, आणि भांडायचं त्राणही उरलं नव्हतं. शेवटी धोतराचा काचा मारून ते स्वतःच वैशाखऱ्याला आले. खोटं नाही सांगत, चौथ्या दिवशी ते नामापेक्षा भरभर रोप लावत होते.

तिकडे धाकलू बारा दिवस न चुकता घाट्यांच्या वर्गात बसला. हजेरी घ्यायला मात्र कुणी आलंच नाही.