चेअरमनची शिकवणी

महिन्याचे चार रविवार, एका रविवारचे पाचशे, म्हणजे दोन हजार. न्यायला-सोडायला जीप, म्हणजे एसटीचं तिकीट वाचलं. वर लोक ‘मॅडम’ म्हणणार, ते फुकट. जीपच्या मागच्या सीटवर बसून एंजेलाने हा हिशेब नगर सोडल्यापासून तिसऱ्यांदा केला, आणि तिसऱ्यांदाही तो तेवढाच आला याचा तिला फार आनंद झाला.

मेडिकलच्या काउंटरवर उभी राहणारी एंजेला अठरा वर्षं बुद्धिबळ खेळत होती. या अठरा वर्षांत खेळाने तिला दोन प्रशस्तिपत्रकं, एक स्टीलचा डबा आणि आईची बोलणी दिली होती. रोख काही नाही. गेल्या आठवड्यात पारनेरकडच्या एका गावचे दूध संस्थेचे चेअरमन आबासाहेब रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला दुकानात आले, तिच्या मोबाईलवर चाललेला डाव त्यांनी पाहिला आणि उभ्या उभ्या शिकवणी ठरवून टाकली. गावात तीस वर्षं त्यांना कोणी हरवलं नव्हतं. पण परवा नगरच्या एका लग्नात नवरीच्या मामाने त्यांना बारा चालींत गार केलं होतं. तसं आपल्याला सगळं येतं, फक्त जरा पॉलिश मारून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

संस्थेच्या ऑफिसात पट मांडून ठेवला होता. भोवती चार गवळी बाक धरून बसले होते. संस्थेचा सेक्रेटरी गोरक्ष पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आला आणि त्या निमित्ताने तिला दारातच गाठून हळू आवाजात म्हणाला,

“म्याडम, एक सांगून ठेवतो. चेअरमनला हारवायचं नसतंय. आमच्यात समदेच हारतात. जो हारतो त्याच्या दुधाला त्या दिवशी फॅट चांगला लागतो.”

दुधाला भाव फॅटवर, आणि फॅटची चिठ्ठी गोरक्षच्या हातात. एंजेलाचं गणित पाणी पिता पिता झालं. हरली तर वर्षाचे चोवीस हजार. जिंकली तर आजचे पाचशे, तेही मिळाले तर.

डाव सुरू झाला. तिसऱ्याच चालीला आबासाहेबांनी वजीर पटाच्या मधोमध आणून उभा केला आणि मिशीवरून हात फिरवला. बाकावरून ‘वा, चेअरमन’ असा आवाज आला. त्या वजिराला आजवर कोणी हात लावला नव्हता, त्यामुळे त्याला जपावं लागतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. राजा आपल्याच सोंगट्यांत कोंडून घेऊन ते खुशाल चहा पीत होते. माणूस हुशार होता, चाली झटपट सुचत होत्या. फक्त समोर कोणी तरी खेळतंय याची त्यांना सवय नव्हती.

अकराव्या चालीला एंजेलाला दिसलं. घोडा एका घरात ठेवला की खेळ खलास. हात घोड्यावर जाऊन थांबला. मागे गोरक्ष खोकला, मग पुन्हा खोकला. बाजूला एक हत्ती होता, तो उगाच इकडचा तिकडे केला असता तर वर्षभर जीप येत राहिली असती. पण मग ती शिकवणारी कसली? बाकावर चार हरणारे होतेच. ती पाचवी झाली असती, आणि तिच्याकडे तर गायही नव्हती.

तिने घोडा ठेवला. “मात.”

आबासाहेबांनी बाकाकडे वळून विचारलं, हे तुम्हाला दिसत होतं का? चौघांनाही एकदम आपापल्या चपला दिसायला लागल्या.

संध्याकाळचं दूध घालायला खिडकीशी रांग लागली होती. पहिलीच बनुबाई होती. एक म्हैस, चार लिटरची किटली. आतलं बोलणं ऐकून तिने गजांतून डोकावून पाहिलं.

“चेअरमन हारला व्हय?” ती म्हणाली. “मग आज आमच्या दुधाला फॅट लागंल.”

“म्हंजी?” आबासाहेबांनी विचारलं.

“आता म्हंजी काय, आबा. तुमी जिकला की ह्या बाकावरच्यांच्या चिठ्ठीत वाढवायचं, अन् वाढीवलेलं आमच्या चिठ्ठीतनं कापायचं. डेरीकडनं यायचं ते तेवढंच येतंय की.”

आबासाहेबांनी गोरक्षकडे पाहिलं. गोरक्षला रजिस्टरमध्ये काहीतरी तातडीचं सापडलं होतं. आबासाहेबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने सोंगट्या पुन्हा मांडायला घेतल्या.

“म्याडम, म्होरच्या रविवारी जीप एक तास आधी पाठवतो,” ते म्हणाले. “पॉलिशचं ऱ्हाऊ द्या. पार पहिल्यापासून शिकवा. गोरक्ष, म्याडमचे पाचशे दे.”

गोरक्षने घाईघाईने संस्थेचा गल्ला उघडला, नोट काढली आणि रजिस्टरात ‘किरकोळ खर्च’ लिहिलं. एंजेलाने ती दोन्ही हातांनी घेतली. अठरा वर्षांतली पहिली. तिला आत्ताच घरी पळत जावं असं वाटलं. तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. बनुबाई त्या नोटेकडे बघत होती.

एंजेलाने नोट पटावर ठेवली.

“आबासाहेब, फी शिकणाऱ्याच्या खिशातून घेते मी.”

चेअरमननी खिसे चाचपले. पैसे काढायची सवय नसलेल्या माणसाला आपलं पाकीट कुठं असतं ते आठवायला जरा वेळ लागतो. अखेर बंडीच्या आतल्या खिशातून घडी पडलेली पाचशेची नोट निघाली.

तीस वर्षं आबासाहेब जिंकत होते आणि पैसे बनुबाई भरत होती. आज ते हरले, आणि पैसेही त्यांनीच भरले.